वर्ल्ड रॅपिड चेस, न्यूयॉर्क २०२४ : तीन रात्री जागून बघितली, त्याचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकते, कारण बरेच जण तेवढंच बघून पुढं जातात. स्पर्धा म्हणून ५ पैकी ५. घरी बसून बघायचा कार्यक्रम म्हणून ५ पैकी ३. आणि महिला गट ज्या तऱ्हेनं दाखवला त्याला ५ पैकी १, तो एक पण शेवटी का होईना कॅमेरा योग्य टेबलावर पोचला म्हणून. स्पर्धा होऊन बरेच महिने झाले, पण पुढची २०२५ च्या डिसेंबरात दोहाला आहे (हे त्याआधी लिहितेय) आणि पोरांना घेऊन बसायचं का, काय बघायचं, कुठं बघायचं असं दोघातिघांनी विचारलं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मी सांगलीची. इथं वाढलेल्या माणसाला बुद्धिबळ वेगळं शिकवावं लागत नाही, कानावर पडतच असतं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत स्पर्धा भरायच्या, बाहेरगावची पोरं आईवडलांचं बोट धरून यायची. भाग्यश्री साठे, म्हणजे लग्नानंतरच्या भाग्यश्री ठिपसे, इथल्याच. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मला हातात मोहरी देऊन सांगायचे की खेळी केलीस की हात पाठीमागं घे, परत पुढं आणायचा नाही. एवढ्या शिदोरीवर मी अजून रविवारी आसपासच्या पाच-सहा पोरांना घरी खेळवते. त्यामुळं हा रिव्ह्यू एका बघणाऱ्या बाईचा आहे, मास्टरचा नाही, तेवढं धरून वाचा.

आता रॅपिडच का. क्लासिकलचा एक डाव चार-पाच तास चालतो, कामावरून आलेल्या माणसानं तो बसून कधी बघायचा. ब्लिट्झ इतकं पटापट होतं की एक खेळी समजेपर्यंत पुढच्या चार पडलेल्या असतात. रॅपिडचं गणित बरोबर बसतं. ह्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे एकेकाला १५ मिनिटं आणि दर खेळीला घड्याळात १० सेकंद जमा. ६० खेळ्यांचा डाव धरला तर त्या दहा-दहा सेकंदांची अजून १० मिनिटं होतात, म्हणजे एकेकाला २५ आणि दोघांची मिळून ५० मिनिटं. शाळेतला एक मोठा तास. एवढ्या वेळात सुरुवात, मधली मारामारी आणि शेवट तिन्ही बघायला मिळतात आणि दहा-अकरा वर्षांचं पोरगं कंटाळत नाही, हे मी स्वतः बघितलंय.

आणि खरी मजा शेवटच्या मिनिटाला. घड्याळात ५ सेकंद, खेळी केली की १५, परत विचारात गेले १२, उरले ३, परत खेळी, १३. अगदी हातावर पोट असलेल्या माणसासारखं, आजचं काम केलं तर आजचं मिळणार, साठवायला काही नाही. जगातले मोठमोठे ग्रँडमास्टर तिथं आपल्यासारखे होतात, हात थरथरतो, हत्ती घराच्या मधे न बसता रेघेवर बसतो, जिंकलेला डाव निसटतो. क्लासिकलमधे तयारी दिसते, रॅपिडमधे माणूस दिसतो असं मला वाटतं.

२०२४ ची स्पर्धा न्यूयॉर्कला वॉल स्ट्रीटवर झाली, रॅपिडचे तीन दिवस २६ ते २८ डिसेंबर. न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागं, म्हणजे त्यांची दुपार ती आपली मध्यरात्र. गुरुवार रात्र, शुक्रवार रात्र, शनिवार रात्र. मी बँकेत आहे, शुक्रवारी सकाळी काउंटरवर बसायचं होतं तरी बसले जागत. त्यात दादाची मुलगी नाताळाच्या सुट्टीला पुण्याहून आलेली, बारावं सरत आलेलं. बाराच डिसेंबरला सिंगापूरला गुकेश डिंग लिरेनला हरवून जगज्जेता झाला होता आणि तिच्या वर्गात अर्धी पोरं बुद्धिबळ खेळायला लागली होती, त्यामुळं तिला झोप नकोच होती. गुकेश ह्या स्पर्धेत नव्हता हे कळल्यावर पहिल्या रात्री ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, आत्या, मग आपण कुणाच्या बाजूनं? मी म्हटलं हंपीच्या.

कोनेरू हंपी माझ्यासाठी फक्त एक खेळाडू नाही. २००२ मधे पंधरा वर्षांची असताना ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा जगात कुठल्याच मुलीला एवढ्या लहान वयात ते जमलं नव्हतं. अण्णांनी पेपरातला तिचा फोटो कापून वहीत चिकटवलेला. मग लग्न, २०१७ मधे मुलगी झाली, खेळ थांबला, आणि २०१९ मधे मॉस्कोला ती परत येऊन वर्ल्ड रॅपिड जिंकली, ते पण लेई टिंगजीबरोबर टायब्रेक, त्यातही बरोबरी, मग आर्मागेडनचा एक डाव, काळी मोहरी घेऊन बरोबरीत सोडवला की झालं, आणि तिनं तो सोडवला. २०२३ ला समरकंदला परत पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली आणि ह्या वेळी प्लेऑफमधे बोडनारुककडून हरली, रौप्य. म्हणजे न्यूयॉर्कला ती आली तेव्हा ३७ वर्षांची, एक सुवर्ण पदरात, एक हातातून गेलेलं.

आणि पहिल्याच फेरीत हरली.

मी रागानं टीव्हीच बंद करणार होते. महिला गटात फेऱ्या ११ च, ओपन म्हणजे सगळ्यांना खुल्या गटासारख्या १३ नाहीत, त्यात पहिलीच घालवलेली. ज्यांना स्विस पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्यात बाद होणं नसतं, दर फेरीला जवळपास सारखे गुण असलेल्यांची गाठ घालून देतात, जिंकलात की पुढं अजून तगडा माणूस, हरलात की थोडा खालचा. त्यामुळं काही लोक म्हणतात की सुरुवातीला हरलेलं बरं, सोपे डाव मिळतात आणि चढत येता येतं. मला हे कधीच पटलं नाही. सारखे गुण झाले की तुम्ही कुणाकुणाशी खेळलात ह्यावरून जागा ठरते, आणि खालून चढत आलेल्याच्या वाट्याला खालचे प्रतिस्पर्धी आलेले असतात, त्याचा फटका बसतोच. म्हणजे पहिली फेरी हरलेल्या माणसाला पुढं नुसतं बरोबरीनं चालत नाही, त्याला जास्तीचं कमवावं लागतं. भाचीला मी हे वहीवर चौकटी काढून समजावलं, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग तिला आता जिंकतच बसायला लागेल ना? हो, म्हटलं.

पहिल्या रात्रीची अजून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रक्षेपणात पटाच्या डाव्या बाजूला एक उभी पट्टी असते, इंजिन, म्हणजे डाव तपासणारा कॉम्प्युटर, सांगतं त्याप्रमाणे पांढरी-काळी वरखाली होते, कोण जिंकतंय ते दाखवायला. माझं स्पष्ट मत आहे, घरात पोरं असतील तर ती पट्टी झाकून टाका. पहिल्या दोन फेऱ्या भाची पटाकडं बघतच नव्हती, पट्टीकडं बघत होती, पट्टी खाली घसरली की "कसली खेळी केली ह्यानं" म्हणून मोकळी. अहो, ज्यानं ती खेळी केली तो जगातल्या पहिल्या पन्नासातला माणूस, घड्याळात आठ सेकंद, आणि आपल्याला कॉम्प्युटरनं उत्तर आयतं पुढ्यात ठेवलंय. तिसऱ्या फेरीआधी मी पेपराची एक लांब पट्टी फाडली आणि टीव्हीच्या डाव्या कडेला चिकटपट्टीनं लावली. आई म्हणाली काय चाललंय तुमचं. पण काय फरक पडला सांगू, भाची पटाकडं बघायला लागली. "आत्या, तो घोडा तिथं आला तर वजीर जातो का गं?" हे वाक्य पट्टी झाकल्यावरचं. माझ्या मते ह्या अख्ख्या रिव्ह्यूतलं सगळ्यात उपयोगी काही असेल तर हेच.

दुसरी रात्र म्हणजे जीन्सची रात्र. मॅग्नस कार्लसन जीन्स घालून आला, ड्रेसकोडमधे जीन्स चालत नाही, २०० डॉलर दंड झाला, लगेच जाऊन बदलून ये म्हटल्यावर तो बदलायला तयार नाही, नवव्या फेरीला त्याची जोडीच लावली नाही आणि त्यानं स्पर्धा सोडली. मग काय, जिकडं तिकडं तेच. शुक्रवारपर्यंत मला बँकेत ह्या स्पर्धेबद्दल एका माणसानं विचारलेलं नव्हतं, पुढच्या आठवड्यात सोमवारी पाच जणांनी विचारलं, आणि पाचही जणांनी जीन्सबद्दल. माझं मत विचाराल तर नियम आधीपासून लिहिलेला होता आणि बाकी सगळे पाळत होते, त्यामुळं दंड बरोबर. पण बघणाऱ्याच्या बाजूनं नुकसान मोठं झालं, रॅपिडचं जगज्जेतेपद पाच वेळा जिंकलेला माणूस शेवटचा दिवस न खेळता गेला आणि कपड्यापायी गेला. पुढं जीन्सचा नियम थोडा सैल केला, तो ब्लिट्झला परत आला आणि तिथं नेपोम्नियाच्चीबरोबर किताब वाटून घेतला, त्यावरून पण पुष्कळ वाद झाला, तो ब्लिट्झचा विषय आहे, इथं नको.

ओपन गटात दीडशेच्या वर खेळाडू होते. जिंकला वोलोदार मुर्झिन, १८ वर्षांचा, मानांकनाच्या यादीत पन्नासच्याही खाली. १३ पैकी १० गुण. ग्रिश्चुक दुसरा, नेपोम्नियाच्ची तिसरा. म्हणजे एका बाजूला चाळिशी ओलांडलेला ग्रिश्चुक आणि त्याच्या वर कालचं पोरगं, हे रॅपिडमधेच होतं. आपला अर्जुन एरिगैसी पुढच्या घोळक्यात होता, ९ गुण करून पाचवा आला, शेवटी थोडक्यात राहिलं. अर्जुनचे डाव बघा म्हणून मी पोरांना नेहमी सांगते, तो बरोबरी मागत नाही, पट मोकळा असो की अडकलेला, काहीतरी करतोच.

हे बघताना मला २०१७ आठवत होतं. रियाधला विश्वनाथन आनंद ४८ व्या वर्षी वर्ल्ड रॅपिड जिंकला होता, नवव्या फेरीत कार्लसनला हरवून, आणि शेवटी तिघांचे सारखे गुण झाल्यावर प्लेऑफमधे फेदोसीवला २-० हरवून. अण्णा तेव्हा होते. सकाळी पेपर आला तेव्हा त्यांनी तो डाव पटावर मांडला, एकट्यानंच, दोन्ही बाजूंनी खेळले, आणि तो आमचा लाकडी पट दिवसभर तसाच जेवणाच्या टेबलावर, कुणी हात लावायचा नाही. आम्ही त्या दिवशी खाली बसून जेवलो.

तोच पट ह्या वेळी आम्ही काढला, शनिवारी रात्री. त्यातलं एक काळं प्यादं कधीच हरवलंय, तिथं अण्णांच्या कोटाचं बटण आहे. टीव्हीवर प्रक्षेपण, फोनवर लिचेस हे बुद्धिबळाचं ॲप, मधे पट. लिचेसबद्दल दोन शब्द, फुकट आहे, जाहिराती नाहीत, मोठ्या स्पर्धांचे डाव खेळीबरहुकूम दिसतात, इंजिन बंद करता येतं, आणि हवा तो पट आपण निवडू शकतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं ठरलं.

कारण महिला गटाची शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा परिस्थिती अशी होती की पहिल्या जागेवर सात जणी. सात! सगळ्यांचे साडेसात. हंपी, आपलीच द्रोणवल्ली हारिका, चीनच्या जू वेनजुन आणि तान झोंगयी, कॅतेरिना लाग्नो, उझबेकिस्तानची अफ्रुझा खमदामोवा आणि इंडोनेशियाची आयरीन सुकंदर. कुठल्याही स्पर्धेत ह्याच्यापेक्षा चढाओढीची शेवटची फेरी काय असणार? आणि ज्या चॅनलवर आम्ही बघत होतो, त्याचं नाव घेत नाही, ते ओपनच्या टेबलांभोवती फिरत होते आणि मधेमधे आदल्या दिवशीच्या जीन्सवर गप्पा. बोलणारी माणसं हुशार होती, बुद्धिबळ चांगलं समजावत होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण जगज्जेतेपद पाच पावलांवर ठरतंय आणि कॅमेरा तिकडं वळत नाही, ह्याचा मला खरंच संताप आला. भाचीनं विचारलं, आत्या, बायकांचं का दाखवत नाहीत? अकरा वर्षांच्या मुलीला ह्याचं काय उत्तर द्यायचं. मी म्हटलं आपण आपला मांडू. टीव्हीचा आवाज बंद केला, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि खेळी आली की पटावर खेळायची.

हंपीकडं काळी मोहरी, समोर आयरीन सुकंदर. भाची काळ्याच्या बाजूला बसली, बटण तिच्याकडं. मी पांढऱ्याच्या. खेळी करताना तिचा हात असा हळू यायचा, दोन बोटांनी मोहरं उचलायचं, ठेवायचं आणि हात पाठीमागं. मी तिला ते शिकवलं नव्हतं, दादानं शिकवलं असणार, त्याला अण्णांनी.

पहाटे आई उठली. तिचं वय झालंय, झोप कमी, आवाज आला म्हणून शाल गुंडाळून बाहेर आली आणि खुर्चीत बसली. तिला बुद्धिबळ येत नाही, चाळीस वर्षं ह्या घरात त्या पटावरची धूळ पुसली पण खेळ कधी शिकली नाही, कुणी शिकवलाही नाही म्हणा. आपली कुठली, म्हणाली. काळी, आजी. मग थोडा वेळ गप्प बसून, त्या हंपीला मुलगी आहे म्हणालीस ना, मग ही एवढ्या लांब आली तर त्या पोरीला कोण बघतं? मी सांगितलं, तिचा नवरा आणि तिचे आईवडील बघतात. (हे हंपीनं स्वतः जिंकल्यावर सांगितलं, मला आधीच्या वाचण्यातून माहीत होतं.) आईनं मान हलवली. म्हणाली, असं पाहिजे.

मग शेवटची खेळी, आणि फोनवर आलं ०-१.

आईनं ते बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "शून्य आलं की गं. हरली?" आणि भाची जवळजवळ ओरडली, "आजी, ती काळी आहे! काळ्याचा आकडा दुसरा! एक तिचा आहे!" मला बोलायलाच येईना. बाकी सहा जणींपैकी एकीलाही शेवटची फेरी जिंकता आली नाही. सात जणींमधून एकटी जिंकली ती हंपी, काळी मोहरी घेऊन, पहिली फेरी हरून. ११ पैकी साडेआठ. दुसऱ्यांदा जगज्जेती. तिच्या पाठोपाठ आठ गुणांवरच्या जणी, त्यात टायब्रेकवर जू वेनजुनला रौप्य, लाग्नोला कांस्य आणि आपली हारिका तेवढेच गुण असून पाचवी. मगाशी म्हटलं ना, सारखे गुण झाले की काय होतं, ते असं.

आता तक्रारी सलग सांगते. प्रक्षेपणाबद्दल झालंच. बक्षिसाचं बघा, ओपनच्या विजेत्याला ९०,००० डॉलर आणि महिला गटाच्या विजेतीला ६०,०००. कुणी म्हणेल ओपनमधे दोन फेऱ्या जास्त, खेळाडू जास्त. मग फेऱ्या सारख्या करा. आपल्याकडं कोलकात्याला टाटा स्टीलची रॅपिड-ब्लिट्झ स्पर्धा होते, त्यात २०२२ पासून महिलांना पुरुषांएवढंच बक्षीस आहे, म्हणजे ठरवलं तर होतं. आणि त्याच स्पर्धेत २०२३ मधे आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, १७ वर्षांची, आयत्या वेळी दुसऱ्या कुणाच्या जागी आली आणि रॅपिड जिंकून गेली, जू वेनजुन आणि हंपी दोघी खेळत असताना. जागा मिळाली की काय होतं ते तिथं दिसलं.

दुसरी तक्रार भाषेची. इंग्रजीत ऐकायला मिळतं, हिंदीत मिळतं, मराठीत असं रात्रभर चालणारं समालोचन मला कुठं सापडलं नाही. आणि आपल्याकडं शब्द नाहीत असं थोडंच आहे? उंट, हत्ती, वजीर, शह, मात, प्यादं, सगळं घरातलं. माझ्या रविवारच्या पोरांत दोघं अशी आहेत की इंग्रजी समालोचन लावलं की त्यांचं अर्धं लक्ष भाषेत जातं. प्रवीण ठिपसे, अभिजित कुंटे असे ग्रँडमास्टर आपल्यातले, बुडापेस्टला २०२४ मधे महिला संघानं ऑलिम्पियाडचं सुवर्ण जिंकलं तेव्हा संघाचे कप्तान कुंटेच होते, पुरुषांच्या सुवर्ण जिंकलेल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी, महिलांच्यात दिव्या. एवढी माणसं असताना तीन दिवस कुणीतरी मराठीत बोलत बसावं एवढी माझी मागणी आहे. मी एकटीच असेन ऐकणारी असं नाही, सांगली-कोल्हापुरातनंच पुष्कळ निघतील.

ज्यांना वाटतं रॅपिड म्हणजे करमणूक, खरं बुद्धिबळ क्लासिकलच, त्यांना मी जुलै २०२५ ची बातुमीची फायनल बघायला सांगते. महिला वर्ल्ड कप, अंतिम सामना हंपी विरुद्ध दिव्या, दोन क्लासिकल डाव बरोबरीत, आणि मग निकाल लागला कशावर, तर रॅपिडवर, हेच १५ मिनिटं आणि १० सेकंद. पहिला डाव बरोबरी, दुसऱ्यात दिव्या काळी मोहरी घेऊन जिंकली, वर्ल्ड कप पण आणि ग्रँडमास्टर किताब पण, १९ वर्षांची. त्या दिवशी मला काय झालं ते सांगता येणार नाही. नागपूरची पोरगी जिंकली म्हणून आनंद, आणि समोर हरलेली हंपी, जिच्यासाठी सात महिन्यांपूर्वी मी रात्र काढली होती. भाचीचा फोन आला, आत्या आपण आता कुणाच्या बाजूनं होतो? मी म्हटलं दोघींच्या. असं चालतं का, म्हणाली.

तर दोहासाठी सांगायचं ते एवढंच. नाताळ झाला की लगेच सुरू. दोहा आपल्या फक्त अडीच तास मागं आहे, म्हणजे जागरण नाही, संध्याकाळी चहा झाला की बसता येईल, पोरांना पण आणि म्हाताऱ्या माणसांना पण. पहिल्या दिवशी सगळं बघायला जाऊ नका, एक खेळाडू धरा आणि त्याच्याबरोबर सगळ्या फेऱ्या जा, हरला तरी सोडू नका, स्विसमधे खालून वर येणाऱ्याबरोबर जाण्यात जी गोडी आहे ती पहिल्या पटावर नाही. घरी लाकडी पट असेल तर समोर मांडा. टीव्ही जे दाखवेल ते बघू नका, फोनवर आपला पट आपण निवडा. चेसबेस इंडियाच्या चॅनलवर आपल्या खेळाडूंचे डाव आणि मुलाखती बघायला मिळतात. शेवटच्या दिवशी महिला गटाची शेवटची फेरी चुकवू नका, त्या वेळी कुणी फोन केला तर उचलू नका.

दादाला सांगून ठेवलंय, भाची सव्वीसच्या आत इथं पाहिजे. काळं प्यादं नवीन आणायचं का म्हणून विचारत होता, तिनंच नको म्हटलं. आणि टीव्हीच्या डाव्या कडेला त्या चिकटपट्टीचा डाग अजून आहे, आई दर रविवारी ओल्या फडक्यानं घासते, निघत नाही. परवा ती कामवाल्या मावशींना सांगत होती, तिथं रॉकेल लावू नका, पोरींना परत पट्टी लावायचीय.